लेकराला हक्काचं माणूस पाहिजे
(विहाराच्या वर्धापनदिनी वरवे बुद्रुक येथे केलेले भाषण)



मी काही विचारवंत नाही. अंगणवाडीत लहान पोरांमध्ये माझं आयुष्य गेलं. म्हणून पोरांविषयीच दोन शब्द बोलते.

आपल्या याच हमरस्त्याने खाली गेलं की सातारा लागतो. १८९६ च्या सुमारास त्या साताऱ्यात माता भीमाबाईंचे निधन झाले. बाबासाहेब तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. रामजी सुभेदारांची बहीण मीराबाई, म्हणजे बाबासाहेबांची आत्या, पुढे आली. ती शरीराने अधू होती, पाठीला पोक होतं. पण तिने या लेकरांना पोटच्या पोरांसारखं जपलं. त्याच्याही कितीतरी आधी सिद्धार्थाची आई महामाया बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवलं. एक आत्या आणि एक मावशी! आपण जयंतीला ही नावे घेतो, पण त्यांनी काय केलं याचा विचार करीत नाही.

इंग्लंडचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर मुलांविषयी एक अहवाल लिहिला. नुसतं अन्न-वस्त्र देऊन मूल वाढत नाही, त्याला मायेचं कायमचं माणूस लागतं, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन माय-लेकरं पाहिली. रांगतं पोर आईपासून लांब जातं, मागे वळून बघतं, भ्यालं की परत येऊन बिलगतं. हे आपण रोज बघतो. पाठीशी माणूस आहे ही खात्री असली, तरच पोर पुढे जायला धजतं. पुढे संशोधकांनी हेही दाखवलं, की ते माणूस आईच असावं असं नाही. बाप, आजी, आत्या, कोणीही चालेल. पण ते रोजचं पाहिजे.

पोर रडलं आणि कोणी उचललं, की ते शिकतं, "मी हाक मारली की कोणीतरी येतं." कोणी येतच नसेल, तर काही पोरं रडायचंच सोडतात. आपण म्हणतो, किती गुणी आहे! दर वेळी तो गुण नसतो. कधी कधी त्या पोराने आशा सोडलेली असते.

माझी चूक सांगते. माझी लेक दीड वर्षाची होती. भातलावणीला जाताना तिला शेजारी ठेवायची आणि ती खेळात रमली की मी मागच्या दाराने सटकायची. चार दिवसांत पोर रात्रीची झोपेना. झोपली तरी माझा पदर मुठीत घट्ट. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सांगून जा. रडू दे, पण सांगून जा." मग रोज सांगून जायला लागले. आधी खूप रडली. पण दिवेलागणीला आई येते हे कळल्यावर ती शांत झाली.

आज आपल्या बाया शेतात जातात, कंपनीत जातात. जावंच लागतं, त्यात अपराध नाही. फक्त आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असं करू नका. "तुला टाकून जाईन" असं चेष्टेतही म्हणू नका. आणि बंधूंनो, संध्याकाळी लेकरू दारात उभं असतं, बाप कसा येतोय ते बघत. पाचवं शील पाळायचं ते त्या लेकरासाठीही!

ज्यांचं पहिलं वय हालात गेलं, त्यांनीही धीर सोडू नये. रुमानियातील अनाथालयांमधली मुलं चांगल्या घरांत दिल्यावर पुष्कळ सुधारली. जितक्या लवकर दिली, तितकी जास्त सुधारली.

शेवटी समितीला एक विनंती. लावणीच्या दिवसांत विहारात पाळणाघर चालवू. सांभाळणाऱ्या दोघीजणी मात्र रोज त्याच असाव्यात. आणि वस्तीत कोणी आत्या, मावशी, आजी बिनआईचं पोर सांभाळत असेल, तर तिच्या घरी आधी डोकवा. तिला धान्य द्या, घटकाभर विसावा द्या. मीराबाईंची आठवण ठेवायची ती अशी.

नमो बुद्धाय! जयभीम!