चाकरमानी आणि दहा दिवसांची अट

२०२० च्या जूनपासून महाराष्ट्रात टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठू लागली आणि गणपती जवळ येताच कोकणातील घराघरांत वाद पेटला. चतुर्थी २२ ऑगस्टची. शासनाने चाकरमान्यांसाठी एस.टी. सोडली, परंतु १२ ऑगस्टपर्यंत पोहोचून दहा दिवस विलग राहण्याची अट घातली. मागाहून निघणाऱ्यास चाचणी सक्तीची केली. मुंबईचा भाऊ म्हणे, ‘गणपतीला न येऊन कसे चालेल?’ गावचा म्हणे, ‘घरात म्हातारी आई आहे, यंदा येऊ नकोस.’

या वादाला माया विरुद्ध भीती असे रूप देणे सोपे, पण ते अपुरे आहे. मूळ प्रश्न जागेचा आणि रजेचा होता. दहा दिवस वेगळे राहायचे तर वेगळी खोली हवी, वेगळे शौचकूप हवे, बुडालेला रोज भरून देणारा कोणी हवा. अट शास्त्राला धरून होती. तिचा खर्च मात्र कुटुंबाच्या माथी आला, आणि दोघे भाऊ फोनवर एकमेकांनाच दोष देत राहिले. विलग पाहुण्याच्या दाराशी दोन वेळा ताट ठेवणाऱ्या सुनेचे मत तर कित्येक घरांत विचारलेही गेले नाही.