60 जागा, 17 मिनिटं

(नांदेडमध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर लिहितो. देगलूर नाक्याजवळ वाढलो, इंजिनिअरिंगही नांदेडातच केलं. आज विषयनिवडीबद्दल बोलायचंय, कारण त्यात माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

नवं शैक्षणिक धोरण आलं आणि 2024-25 पासून आपल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतही पदवीच्या पहिल्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह आलं. म्हणजे बी.कॉम.च्या मुलानं आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचा. कागदावर छान आहे. पण कॉलेजात खोल्या तेवढ्याच, शिक्षक तेवढेच आणि लॅब एकच.

लातूरकडच्या एका कॉलेजात माझा मित्र शिकवतो. त्याचा फोन आला, "यार, 150 पोरं आहेत, चार विषय आहेत, एक छोटा प्रोग्राम करून दे." लॅबमध्ये 30 कॉम्प्युटर, दोन बॅच, म्हणून संगणकाला 60 जागा. मानसशास्त्र, पोषणशास्त्र आणि उर्दू साहित्य परिचय यांना प्रत्येकी 40. एकूण 180 जागा, पोरं 150. मला वाटलं, यात काय एवढं? 'आधी येईल त्याला आधी' असा नियम टाकला. लिहायला सर्वांत सोपा.

फॉर्म दुपारी 12 ला उघडला. 12 वाजून 17 मिनिटांनी संगणक भरला. मित्र खूश, मीही खूश.

दोन दिवसांनी औशाहून येणारी एक मुलगी त्याला म्हणाली, "सर, घरात मोबाइल एकच आहे, तो भाई कामावर घेऊन जातो. तो सातला आला तेव्हा मी फॉर्म भरला." मग मी यादी उघडली. वर्गात निम्म्याहून जास्त मुली, आणि संगणकाच्या 60 जणांत त्या 14. दिवसा गॅरेजवर, दुकानात काम करणारी मुलंही मागेच राहिली होती. प्रोग्राम दोनदा तपासला, बग सापडला नाही. ज्याच्या हातात दुपारी 12 ला फोन असेल त्याला विषय द्या, असं मीच त्याला सांगितलं होतं, आणि त्यानं ते इमानानं केलं.

पुढच्या सत्रात फॉर्म तीन दिवस उघडा ठेवला आणि प्रत्येकाकडून चारही विषयांचा पसंतीक्रम घेतला. यंदा तरी बरोबर जमलं असं वाटलं. पण मी आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीच्या जागा वाटल्या, नंतर उरलेल्या जागांत दुसरी पसंती बघितली. झालं काय, ज्यानं प्रामाणिकपणे 'संगणक पहिला, मानसशास्त्र दुसरा' लिहिलं आणि ज्याचा संगणक हुकला, त्याला मानसशास्त्रही मिळालं नाही. ते पहिल्याच फेरीत भरलेलं. खरं सांगणारा दोन्हीकडून गेला, अंदाज बांधून खोटा क्रम लिहिणारा वाचला.

नंतर वाचन केलं तेव्हा कळलं की अमेरिकेतलं बॉस्टन शहर शाळाप्रवेशात हीच पद्धत वापरत होतं आणि 2005 मध्ये त्यांनी ती सोडली. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्येच यावर उत्तर देऊन ठेवलं होतं. 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना याच कामासाठी मिळालं. मी मात्र ठेच लागल्यावर वाचलं.

आता तिथे असं करतो. विद्यार्थ्यांसमोर चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला नंबर द्यायचा. नंबरानं एकेकाला घ्यायचं आणि त्याच्या यादीतला जो सर्वांत वरचा विषय शिल्लक असेल तो द्यायचा. पुढच्या सत्रात तीच यादी उलटी. यात खोटा क्रम लिहून कोणाचाच फायदा होत नाही. 'चिठ्ठी कशाला, टक्क्यांवर द्या,' असं काही शिक्षक म्हणाले. मी नाही म्हटलं. टक्केवारीनं दिलं तर तीच पोरं दर सत्राला शेवटी उभी राहणार. संगणकाची गरज त्यांनाच जास्त असते.

उर्दूचं अजून सांगितलं नाही. जागांना जशी वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. त्या कॉलेजचा नियम असा की 15 पेक्षा कमी मुलं असतील तर विषय बंद. पहिली पसंती उर्दू लिहिणारे 11 निघाले. माझ्या प्रोग्रामनं सुरुवातीलाच मोजलं, 11 म्हणजे 15 पेक्षा कमी, आणि उर्दू यादीतून काढून टाकली. दुसरी पसंती उर्दू लिहिणारे 20 जण होते आणि त्यातल्या बहुतेकांना संगणक मिळाला नव्हता. आधी वाटप करून मग मोजलं असतं तर वर्ग सहज भरला असता. उर्दूच्या सरांनी मला फोन केला. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "बेटा, दुसरी पसंती मोजली होती का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या सत्रात तो वर्ग भरलाच नाही. आता मोजणी वाटपानंतर होते.

तेव्हा तुमच्या कॉलेजात फॉर्म आला की ऑफिसात जाऊन विचारा: वेळेवर वाटताय, टक्क्यांवर की चिठ्ठीवर? विषय बंद करायचा तर दुसरी पसंती मोजून करणार का? आणि उर्दू नि संगणक एकाच तासाला ठेवलेत का? वेळापत्रकात दोन्ही एकाच तासाला असले, तर पसंती कितीही लिहा, उपयोग नाही.

घरी धाकटी भावंडं दहावीत असतील तर त्यांनाही सांगा. अकरावीचा केंद्रीय प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन आहे. 10 पसंत्या भरता येतात, एकच भरून थांबू नका. आणि पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जिथे खरंच जायचंय, कारण ते मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. लातूरचं मोठं नाव पहिलं टाकायचं आणि मग राहायची सोय नाही म्हणून सोडायचं, हे आपल्याकडे फार होतं. क्रम आधी कागदावर लिहा. अम्मी-अब्बांना दाखवा, एसटीच्या वेळा बघा.

लॅपटॉप आणलाय, मागच्या बाकावर बसतो. ज्यांचे फॉर्म बाकी आहेत त्यांनी या. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी आधी या.