आलापल्लीची मैत्रीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला ‘माझा छंद’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. माझा छंद रेडिओ, हे तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. त्याची थट्टाही तुम्ही पुष्कळ केली आहे. पण आज त्या छंदाने दिलेल्या एका मैत्रिणीविषयी बोलते. ती गेल्या आषाढात वारली.

मी १९६९ साली लग्न होऊन चंद्रपुरास आले. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. १९५२ साली आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सिलोनवर ही माला सुरू झाली. पुढे १९५७ साली विविधभारती निघाली, तरी बुधवार काही कुणाचा सुटला नाही. अमीन सयानी ‘बहनों’ आधी म्हणत आणि ‘भाइयों’ मागून. आम्हां सुनांना तेवढेही पुष्कळ वाटे.

विविधभारतीवर फर्माइशीच्या गाण्याआधी श्रोत्यांची गावे व नावे वाचीत. झुमरीतलैया नावाचे गाव जगात आहे हे आपल्याला त्यातूनच कळले ना? तसे १९७२ साली एका दुपारी ऐकू आले, ‘आलापल्ली, जिल्हा चंद्रपूर’, आणि मागोमाग एका बाईचे नाव. मी चुलीपुढून उठून धावले. भाकरी करपली, सासूबाईंचे बोलणे खाल्ले. आपल्याच जिल्ह्यातल्या सागाच्या जंगलातून एक बाई गाणे मागते, याचेच मला नवल!

नुसत्या नावावर आणि गावावर कार्ड टाकले, ते पोचले. तिचे यजमान जंगलखात्यात होते. घरात तिला सगळे ‘सूनबाई’ म्हणत, नावाने कोणी हाक मारीत नसे. म्हणून ती फर्माइशी धाडी, असे तिने पहिल्याच पत्रात लिहिले होते.

त्यानंतर पन्नास वर्षे पत्रे चालली. वैनगंगेला पूर आला की आष्टीजवळ रस्ता अडे, मग तिची तीन-तीन पत्रे एकदम येत. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा, आता आपण परमुलखातल्या झालो, असे तिने लिहिले. प्रत्यक्ष भेट मात्र दोनदाच झाली. एकदा तिच्या मुलीच्या लग्नात आणि एकदा येथे महाकालीच्या यात्रेत. खरे सांगू? दोन्ही वेळा आम्हांला बोलावयास काही सुचेना. कागदावर तलतसाठी माझ्याशी हातघाईवर येणारी ही बाई समोर बसली की पदराचे टोक चाळवीत राही.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी गेले. त्या दिवशी आम्ही दोघी फोनवर रडलो. तुमच्यापैकी दोघीतिघी तर मला भेटावयास आल्या होत्या.

तिच्या वेळी कोणी आले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. मलाही नव्हते. तिचा फोन लागेना, मी म्हटले पावसाचे दिवस आहेत. एके सकाळी एका गृहस्थांचा फोन आला, ‘तुम्ही रेडिओ दुरुस्त करता का? आईच्या वहीत “चंद्रपूर, रेडिओ” म्हणून हा नंबर आहे. तिचा जुना संच बंद पडलाय.’

मी विचारले, ‘आई कुठे आहेत?’

तिला जाऊन बावीस दिवस झाले होते.

नात्याची बाई गेली तर सुतक असते, दहावा असतो, दारात चपला दिसतात. मी त्या दिवशी पोळ्या केल्या, नातवाचा डबा भरला. सुनेने विचारले, ‘त्या आपल्या कोण?’ तिला काय सांगावे?

भाद्रपदात पत्रांची पिशवी घेऊन आलापल्लीस गेले. तिच्या मुलाने दोनचार वाचली आणि म्हणाला, ‘आई इतकी भांडायची?’ पुढची त्याला वाचवेनात. पत्रे तिथेच ठेवली. संच त्याने मला दिला. तो येथल्या कारागिराकडे टाकला आहे.

विविधभारतीला एक पत्र लिहून ठेवले आहे. त्यात तिचे नाव आधी, मग माझे. गाणे तलतचेच मागितले आहे, माझी हार झाली. खाली जागा पुष्कळ आहे. कोणाला आपले नाव घालावयाचे असेल तर सभा संपल्यावर मजकडे द्यावे. नाव मात्र स्वतःचे द्यावे, अमक्यांच्या सौभाग्यवती असे नको.