गाडी थांबायची तेव्हा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर पांढरकवडा आहे. तालुका केळापूर, पण कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्यात. सातबाऱ्यावर एक नाव आणि एसटीच्या पाटीवर दुसरं, त्यामुळे नव्याने बदलून आलेल्या माणसाची पहिल्या दिवशी हमखास फसगत होते. आज बोलायचं आहे ते या गावाबद्दल आणि त्याला खेटून गेलेल्या रस्त्याबद्दल.

वाट जुनीच. दुसरा बाजीराव पळता पळता याच मुलखात आला होता आणि १८१८ च्या एप्रिलात पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने त्याला गाठलं. स्वतंत्र भारतात ही वाट राष्ट्रीय महामार्ग ७ झाली, वाराणसी ते कन्याकुमारी. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा ती श्रीनगर-कन्याकुमारी अशा ४४ नंबरात गेली. गावात विचाराल तर अजून ‘हैदराबाद रोड’ एवढंच.

या रस्त्याने गावाला काय दिलं, असं विचारलं की लोक रहदारीचं नाव घेतात. मला ते अर्धवट वाटतं. भरधाव निघून जाणाऱ्या ट्रकने कोणाच्या गल्ल्यात कधी रुपया टाकला आहे? गाव जगलं ते थांबणाऱ्यांवर.

कापसाचंच घ्या. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस सरकारलाच घालायचा. हंगामात खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा लागायच्या आणि नंबर यायला कधी कधी दिवस जायचे. शेतकऱ्यासाठी तो छळच. पण रांगेतला माणूस चहा पितो, भजी खातो, बैलांना ढेप घेतो, मोजणी झाली की लेकीसाठी लुगडं आणि घरासाठी गूळ बांधून नेतो. जिनिंगच्या आसपास असे कितीतरी संसार उभे राहिले. शेतकऱ्याच्या खोळंब्यावर बाजार पोसला गेला, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच. पुढे एकाधिकार मोडला. बंडीची जागा टेम्पो-ट्रॅक्टरने घेतली आणि रांगा आखडल्या.

ट्रकचंही तेच. एकेरी डांबरी रस्ता, समोरून गाडी आली की चाक खाली उतरवायचं, मग पाटा तुटायचा, टायर फुटायचा. त्यातून पंक्चरवाला आला, कमानपाटेवाला आला, रेडिएटरला झाळ देणारा आला, लेथ आली. रात्री गाडी दुरुस्त होईस्तोवर ड्रायव्हर-क्लीनरला जेवण हवं, म्हणून ढाबा. बाजेवर आडवी फळी टाकून त्यावर ताट. नगरपरिषदेच्या गावांना जकात नाका असायचा, तो १९९९ पर्यंत. तिथे पावती फाडेपर्यंतही दोन पानं खपायची, म्हणून नाक्यापाशी पानठेला.

याच काळात अशा गावांच्या घरांनी तोंडं फिरवली. जुनी घरं आतल्या गल्लीकडे, बाजाराकडे, देवळाकडे बघायची. रस्त्याच्या बाजूला परसदार: मोरी, सरपणाचा ढीग, शेवग्याचं झाड. मग एकेकाने मागची भिंत फोडून शटर बसवलं. ज्याचं परसदार रस्त्यावर, त्याचं नशीब फळफळलं. भावाभावांच्या वाटण्यांत पूर्वी पुढची पडवी मागायची रीत होती, आता मागच्या दहा फुटांवरून कोर्टकज्जे सुरू झाले.

नियम नव्हते असं नाही. महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटर इमारत रेषा, ७५ मीटर नियंत्रण रेषा, असं सगळं कागदावर आहे. रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरणाऱ्या अशा वस्तीला आवर घालायला इंग्लंडने १९३५ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी जेसीबी येतो, खोकी उचलली जातात आणि आठ दिवसांत ती जिथल्या तिथे दिसतात. खोकेवाल्याला बोल लावणं सोपं आहे. मोठी पक्की इमारत रेषेच्या आत उभी असते, तिच्यापुढे जेसीबीचं डिझेल नेमकं संपतं.

जुन्या रस्त्यावरच्या एखाद्या किराणा दुकानात शिरताना पायाखाली बघा. बांधलं तेव्हा दोन पायऱ्या चढून आत जावं लागायचं. दर डागडुजीला डांबराचा नवा थर जुन्यावर चढत गेला, खरवडून कोणी काढला नाही. पायऱ्या आधी बुजल्या, आता एक पायरी उतरून जावं लागतं. मृगाचा पहिला पाऊस पडला की दुकानदार उंबऱ्यावर वाळूची पोती रचतो आणि साखरेचं पोतं पाटावर चढवतो. त्या रस्त्याचं वय मोजायचं असेल तर सरकारी दप्तरात जायची गरज नाही.

मग चौपदरीकरण आलं. उत्तर-दक्षिण कॉरिडॉर. वडनेर, देवधरी, केळापूर, पिंपळखुटी असे तुकडे पाडून काम झालं. कडेची कडुनिंबं आणि चिंचा गेल्या, रस्ता गावाच्या बाहेरून वळला. एक गोष्ट मान्य करायला हवी: गावातून रात्रंदिवस धडधडणारे ट्रक गेले आणि शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आया सुटल्या. ते सुख लहान नाही.

पण थांबा गेला. पंक्चरवाल्याने खोकं उचलून बायपासवर नेलं तर तिथली जमीन आधीच ‘रोडटच’ झालेली. हा शब्द आता कोणाला समजावून द्यावा लागत नाही. कालपर्यंत ज्या वावरात पऱ्हाटी होती तिथे चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट, ले-आउटची रंगीत कमान. वावरवाल्याला पैसा मिळाला, त्यात घर झालं, गाडी आली, लग्न झालं. त्या वावरात निंदायला जाणाऱ्या बायांना कशाचा मोबदला मिळणार? त्यांचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच.

रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचंही बघा. “गाडी गावात जाणार का?” हा प्रश्न तिकिटाआधी विचारावा लागतो. नाही म्हटलं तर उतारू बायपासवर. पहाटे दोनला, पिशव्या आणि झोपलेलं मूल घेऊन, ना शेड ना ऑटो. घरच्या कोणाला फोन करून उठवायचं आणि तो मोटारसायकल घेऊन येईपर्यंत दुभाजकाजवळच्या उजेडात उभं राहायचं. आराखड्यात सर्व्हिस रोड असतो, अंडरपास असतो, या उतारूसाठी बाक नसतो.

थांबे मिटण्याचं काम अजून चालूच आहे. केळापूरजवळ टोल नाका झाला, गाड्या पुन्हा रांगेत उभ्या राहू लागल्या, तशा काकडी, शेंगा, पेरूच्या टोपल्या काचेपाशी आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि रांग आटली. टोपलीवाली काय करणार? जिथे गती कमी होते तिथे जाणार, म्हणजे गतिरोधकापाशी. जिवावर उदार होऊन.

वाहनं थांबत नाहीत असंही नाही. थांबतात, पण जिथे दोन एकराचं पार्किंग, काचेचं हॉटेल आणि स्वच्छ संडास आहे तिथे. त्याला भांडवल लागतं आणि ते बहुधा बाहेरचं असतं. गावातली पोरं तिथे वेटर होतात. टिपेश्वरच्या जंगलाने थोडा हात दिला, सुन्ना गेटकडे सफारीसाठी नागपूर-हैदराबादची माणसं वळतात. त्याच टिपेश्वरातला एक वाघ २०१९ मध्ये शेतं, नाले, रस्ते पार करत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, त्याला कुठे टोल पडला नाही.

आता नवी चर्चा शक्तीपीठ महामार्गाची आहे. पवनार ते पत्रादेवी, आखणीत यवतमाळ जिल्हाही आहे. ठिकठिकाणी विरोध आहे, समर्थनही आहे, आणि बोलणं बहुतेक मोबदल्यापाशी येऊन थांबतं. मोबदला महत्त्वाचाच. पण अशा नियंत्रित रस्त्याला फाटा नसतो. आत शिरायची, बाहेर पडायची जागा ठरलेली आणि चहा कुठे मिळेल तेही निविदेने ठरतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा मैलोन्‌मैल चहा-पाण्याची सोय नव्हती, हे त्यावरून गेलेल्यांना आठवत असेल. तेव्हा मोजणीची माणसं बांधावर आली की एकराला किती, हे विचाराच. त्यासोबत इंटरचेंज कुठे, बंडी आणि गुरं पलीकडे कुठून न्यायची, आणि विसाव्याच्या जागेतला एखादा गाळा इथल्या बचत गटाला मिळेल का, की निविदेत कोट्यवधींच्या उलाढालीची अट घालून तो आधीच कोणाच्या नावे ठेवला आहे, हेही विचारा. आणि उत्तर लेखी मागा.