मातीच्या पोटांतील भक्ष्य आणि भक्षक

कोंकणांतला शेतकरी भाताचें बीं पेरण्यापूर्वी राब भाजतो. शेण, कवळ, पालापाचोळा यांची राख जमिनीला मिळते, हें उघड आहे; पण जमीन तापल्यानें तिच्या पोटांतल्या वस्तींत जी उलथापालथ होते, तीही विचार करण्याजोगी आहे.

इंग्लंडांतील रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधनशाळेंत रसेल आणि हचिन्सन यांनीं तापविलेल्या मातीचा अभ्यास करून तो १९०९ सालीं प्रसिद्ध केला. माती तापविली कीं जंतूंची संख्या प्रथम घटे. पण पुढें ती मूळच्याहून कितीतरी वाढे, अमोनियाही वाढे आणि पीक जोमदार येई. मग न तापविलेल्या मातींत जंतूंना अडवीत तरी कोण होतें? त्यांनीं बोट दाखविलें तें अमीबादि आदिजीवांकडे. हे जंतूंना खातात आणि उष्णतेनें मरतात. अशा रीतीनें बिचारा अमीबा शेतकऱ्याचा छुपा वैरी ठरला!

पुढें कटलर, क्रंप व सँडन यांनीं तेथल्याच एका शेतांतील माती लागोपाठ ३६५ दिवस तपासली व १९२२ सालीं आपले निष्कर्ष मांडले. अशा कंटाळवाण्या मोजदादीचें कौतुक कोणी करीत नाहीं, पण निवाडा बहुधा तिच्याच बळावर होतो. अमीबा वाढले कीं जंतु घटत, अमीबा घटले कीं जंतु वाढत. भक्षण चालू होतें, यांत संशय उरला नाहीं. पण त्यापायीं पिकाचें नुकसान होतें, हें कांहीं सिद्ध झालें नाहीं.

जंतूच्या देहांत नत्र भरपूर असतें. अमीबाला तें सगळें लागत नाहीं. उरलेलें तो अमोनियाच्या रूपानें बाहेर टाकतो आणि मुळें तें उचलतात. जंतूंना कोणी खाल्लें नाहीं, तर तें त्यांच्याच देहांत अडकून राहतें. स्वीडनमधील मारिआन क्लारहोल्म यांच्या १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, नुसते जंतु असलेल्या मातीपेक्षां आदिजीवही असलेल्या मातींतल्या गव्हानें अधिक नत्र घेतलें.

शिवाय अमीबा सरसकट खात नाहीं, निवडून खातो. कांहीं जंतु विषारी द्रव्य स्रवून वांचतात, कांहीं लांब तंतूसारखे वाढून त्याला गिळवत नाहींत. संख्येनें माजलेल्या जातीवर पुष्कळदां अधिक धाड पडते आणि दुर्बळ जातींना जागा मिळते. एकाच मुठीभर मातींत जंतूंच्या हजारों जाती नांदतात, त्याचें हें एक कारण. अमीबालाही सूत्रकृमी खातात, आणि बुरशीच्या कांहीं जाती आपल्या तंतूंचे फांसे लावून सूत्रकृमींना पकडतात.

रसेल आणि हचिन्सन यांची मोजणी चुकली नव्हती. तापविलेल्या मातींत अमोनिया वाढतो, हें आजही खरें आहे. पण तो बराचसा त्या उष्णतेनें मेलेल्या सूक्ष्म जीवांच्याच देहांतून येतो, असें रॉथॅमस्टेडमध्येंच जेंकिन्सन यांनीं १९६६ सालापासून केलेल्या संशोधनानें दाखविलें.