जुन्या टीव्ही गेमचा भाव: पुण्याचा, पुसदचा आणि वणीचा

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय एका श्रोत्या ताईंनी दिला. दिग्रसहून त्यांचा व्हॉइस मेसेज आला. थोडक्यात सांगतो. जुनं घर पाडून नवं बांधणं सुरू आहे. माळ्यावरून एक टीव्ही गेम निघाला. सोबत सात कॅसेटी, दोन रिमोट आणि एक बंदूक. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. पुण्यातला भाचा म्हणतो, "मावशी, थांब, अमेरिकेत असे गेम हजारोंनी जातात." ताई विचारतात, कोणाचं ऐकू?

ताई, माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. दोघांचंही ऐकू नका. भंगारवाला प्लास्टिकचा भाव सांगतोय आणि भाचा दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या वस्तूचा भाव सांगतोय. तुमच्या हातात आहे ती तिसरीच वस्तू. ती काय आहे, इथपर्यंत कशी आली आणि तिचा भाव कशावर ठरतो, हे आज बोलू.

आधी वस्तू ओळखू. निन्टेन्डो कंपनीनं जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. तेच यंत्र १९८५ मध्ये अमेरिकेत गेलं, पण वेष बदलून. नाव बदललं, डबा करड्या रंगाचा झाला. जपानी कॅसेटला ६० पिना होत्या, अमेरिकन कॅसेटला ७२ झाल्या. शिवाय आत एक कुलपाची चिप बसवली. कंपनीच्या परवानगीशिवाय बनलेली कॅसेट चालू नये म्हणून. म्हणजे एकच गेम, एकच कंपनी, पण टोकियोची कॅसेट न्यूयॉर्कच्या यंत्रात बसत नाही.

आपल्याकडे आलं ते बहुतेक या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. आपल्याकडे आली जपानी यंत्राची नक्कल. आधी तैवानमध्ये, मग चीनमध्ये बनलेली, ६० पिनांची. कुणाच्या डब्यावर 'मीडिया' लिहिलेलं, कुणाच्या 'लिटल मास्टर', आणि पुष्कळांच्या डब्यावर तर धड नावच नाही. आपण कार्ट्रिजला कॅसेट म्हटलं, कंट्रोलरला रिमोट म्हटलं आणि विषय संपवला. भाच्याला ऑनलाइन दिसतो तो अमेरिकेतला करडा डबा. त्याच्या कॅसेटी ताईंच्या यंत्रात शिरणारसुद्धा नाहीत. मग त्याचा भाव याला कसा लागेल?

आता कोणी म्हणेल, म्हणजे आपल्याकडे नकली माल होता, विषय संपला. नाही ना भाऊ, तसं नाही. जगातल्या पुष्कळ मुलांनी हा खेळ असाच पाहिला. रशियात 'डेंडी' नावाची नक्कल १९९२ मध्ये आली आणि तिथे टीव्ही गेम म्हणजेच डेंडी झाला. पोलंडमध्ये तेच 'पेगासस' नावानं विकलं गेलं. ब्राझीलमध्ये बाहेरच्या मालावर इतकी बंधनं होती की टेकटॉय नावाच्या तिथल्याच कंपनीनं १९८९ पासून सेगाची यंत्रं देशातच बनवून विकली. म्हणून ब्राझीलमधला चाळिशीचा माणूस अजून सेगाची आठवण काढतो. कोरियात निन्टेन्डोचं यंत्र ह्युंदाईनं 'कॉमबॉय' नावानं विकलं. हो, गाड्यावाल्या ह्युंदाईच्याच समूहातली कंपनी.

भारतात अस्सल माल यायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९९५ मध्ये सेगानं शॉ वॉलेसशी करार करून इथे यंत्र आणलं. आयात कर जबर होता, त्यातून वाट काढायला हा करार होता. तरी किंमत गेली १८ हजारांच्या घरात. त्या काळात रंगीत टीव्हीच्या किमतीचा खेळ! दारव्ह्यातला कोणता बाप तो घेणार? म्हणून नक्कल आली. तिला वाट करून दिली ती करानं आणि आपल्या खिशानं.

बरं, यंत्र आलं. पण त्यावर कोणते गेम चालले? इथे मजा आहे. जपानमध्ये त्या यंत्राची मोठी आठवण म्हणजे 'ड्रॅगन क्वेस्ट', १९८६ चा. मोठी गोष्ट, पुष्कळ वाचायचं, दिवसेंदिवस खेळायचं. अशा गेमच्या पुढच्या भागांत कॅसेटमध्येच छोटी बॅटरी आली, खेळ जपून ठेवायला. आपल्याकडे हे गेम कुणाला आठवत नाहीत. आपल्याला आठवतं काँट्रा, मारिओ, रणगाड्यांचा तो 'टँक', रोड फायटर, बदकं मारायचा डक हंट. का? एक तर जपानी अक्षर कोण वाचणार? दुसरं म्हणजे स्वस्त कॅसेटमध्ये बॅटरीचा खर्च कोण करणार? आणि तिसरं, हे आपलं खास, लाईन. भारनियमनाच्या दिवसांत खेड्यावरची लाईन तासन्‌तास जायची. लाईन गेली की खेळ गेला. मग एका बैठकीत संपणारा, दोघांना मिळून खेळता येणारा, एक अक्षर न वाचता कळणारा गेमच टिकणार. आपल्या आवडीनिवडी आपण ठरवल्या असं आपल्याला वाटतं, पण त्यातला बराच भाग विजेच्या तारेनं ठरवला.

काँट्राचं अजून एक. युरोपात हाच गेम 'प्रोबोटेक्टर' नावानं विकला गेला आणि त्यातली माणसं काढून रोबो घातले. माणसं मारण्याचा खेळ मुलांना नको, म्हणून. आपल्याकडे तो बहुतेक नकली कॅसेटींतूनच आला, त्यामुळे कुणी काही बदललं नाही. यवतमाळच्या पोराला हाडामांसाचा गडी दिसला आणि जर्मनीच्या पोराला रोबो.

आता देश सोडू, आपल्या जिल्ह्यात येऊ. मी दर रविवारी जुने टीव्ही, टेप, गेम उघडून बसतो, हे नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहे. उघडता उघडता एक गोष्ट लक्षात आली. आपला जिल्हा एक आहे, पण बाजार एक नाही.

पुसद-उमरखेडकडून येणारा माल बहुतेक नांदेडच्या वाटेचा. नांदेडच्या पलीकडे हैदराबाद. डब्याच्या तळाला दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असते, तिच्यावर कोटीचा पत्ता दिसतो. हैदराबादचं कोटी म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालाचा मोठा ठोक बाजार. पांढरकवडा तर नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच, त्यामुळे तिथे दोन्हीकडचा माल. यवतमाळ, नेर, दारव्हा या पट्ट्यात अमरावती आणि नागपूरच्या सीताबर्डीचा. यवतमाळ शहराची रेल्वे म्हणजे तेव्हा मूर्तिजापूरची नॅरोगेज शकुंतला होती. तिच्यातून काय ठोक माल येणार? सगळं एसटीच्या टपावरून आणि ट्रकमधून. म्हणून ज्या गावची एसटी जिकडे, त्या गावचा टीव्ही गेम तिकडचा.

आणि वणी वेगळीच. वणीला कोळसा आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. खाणीतल्या माणसाला महिन्याचा पगार. कापूस पिकवणाऱ्याला पैसा वर्षातून एकदा. हा फरक बारीक वाटतो, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तोच सगळ्यात मोठा. पगारदाराला हप्ते परवडतात, म्हणून तो कंपनीचा माल घेतो. माझ्याकडे सोनीचे अस्सल प्लेस्टेशन टू येतात ते जास्त करून वणीकडून. शेतकरी मात्र रोखीत घेतो, जेवढे हातात असतील तेवढ्यात.

आणि हातात कधी असतील? जुन्या लोकांना विचारा. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी केंद्रावर घालायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहत बसायचं. चुकारा आला की घरात टीव्ही, टेप, मिक्सर. नाही आला की पुढच्या वर्षी. म्हणून दुकानदार पोळ्यापासून माल भरायला लागायचा आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाच्या गाड्यांकडे डोळे लावून बसायचा. लहान पोरांचा बाजार तर जत्रेत. वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत इकडे बैलांचा सौदा आणि तिकडे हातात धरायचा, विटा पडणारा गेम. बैलाचा सौदा चांगला झाला तर पोराला गेम.

हे सगळं कशासाठी सांगतोय? तर या वाटांनीच आज कुठे काय सापडतं हे ठरतं, आणि जिथे जे सहज सापडतं तिथे त्याला भाव नसतो. तमिळनाडूचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारनं २००६ पासून घरोघरी १४ इंची रंगीत टीव्ही फुकट वाटले. लाखो घरांत एकसारखा काचेच्या नळीचा टीव्ही. तिथे तसला टीव्ही म्हणजे घरोघरची गोष्ट झाली. आणि आज जुन्या गेमचा शौकीन नेमका तोच शोधत असतो, कारण बंदुकीचा डक हंट नळीच्या टीव्हीशिवाय चालतच नाही. सपाट टीव्हीला ती बंदूक कळत नाही.

आता ताई, तुमच्या माळ्याकडे येऊ. विकायच्या आधी चार गोष्टी बघा.

पहिली, अडॅप्टर. लगेच लावू नका. जुना अडॅप्टर हीच सगळ्यात कच्ची जागा. आपल्या वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजनं आधी तोच जातो. आधी कोणाकडून मीटर लावून तपासून घ्या. आणि कुणी जपान-अमेरिकेहून यंत्र पाठवलं असेल तर चुकूनही सरळ बोर्डात घालू नका. जपानची लाईन १०० व्होल्टची, अमेरिकेची १२०, आपली २३०. धूर निघेल.

दुसरी, डबा उघडून आत बघा. चार-सहा स्क्रू असतात. आत पाय असलेल्या वेगवेगळ्या काळ्या चिपा दिसल्या तर यंत्र आधीच्या काळातलं. चिप बदलता येते, दुरुस्ती होते, माहीतगार माणूस त्याला जास्त पैसे देईल. आत नुसता डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका दिसला तर सगळं यंत्र त्या ठिपक्यात आहे. तो गेला की संपलं. असा माल नंतर ढिगानं आला. खेळायला छान, पण त्याला भाव नाही.

तिसरी, कॅसेटी. '९९९९ इन १' लिहिलेली असेल तर आत तेच पाच-दहा गेम फिरून फिरून असतात, आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलीनं पिना गंजतात. कापसाच्या बोळ्याला थोडं आयसोप्रोपिल लावून पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं.

चौथी, खोका, बिल, दुकानाची चिठ्ठी. लोक हे आधी फेकतात. आणि खरं सांगू, आपल्याकडे दुर्मीळ काय असेल तर हेच. यंत्रं हजारोंनी आली, पण ती कोणत्या गावात, कोणत्या साली, किती रुपयांना विकली गेली याची नोंद कुठेच नाही. अमेरिकेत अशा मालाच्या भावांची पुस्तकं निघतात. आपल्याकडे त्या चिठ्ठीशिवाय पुरावा नाही.

मग किती येतील? ताई, पोटापाण्याचा आकडा येणार नाही, ही आशा सोडा. चालू हालतीत असेल, आत सुट्या चिपा असतील, बंदूक चालत असेल तर नागपूर-पुण्याकडचा शौकीन माणूस भंगारवाल्यापेक्षा नक्कीच जास्त देईल. ऑनलाइन दिसणाऱ्या किमती या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नव्हे. विकली गेलेली वस्तू कितीला गेली ते बघा. आणि घेणाऱ्यालाही सांगणं आहे. अमेरिकेचा भाव बघून इथली नक्कल महाग घेऊ नका. ती फार तर आपल्या आठवणीच्या भावानं घ्या.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं. या सगळ्या मालाचा जीव तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकच्या हातात होता. टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांच्या. एका यंत्राची चिप दुसऱ्यात, टेपचा कॅपॅसिटर गेममध्ये, असं करून त्यांनी या वस्तू २०-२५ वर्षं चालत्या ठेवल्या. परदेशात 'अस्सल सुटे भाग' नसले की किंमत पडते. आपल्याकडे ज्याच्यावर डाग देऊन जोडल्याच्या खुणा नाहीत असं यंत्र मला क्वचितच दिसतं. ते दोष नाहीत, तो त्या यंत्राचा इथला इतिहास आहे. पण ती दुकानं आता मोबाइलच्या कव्हरांची झाली आणि काका साठीच्या पुढे गेले. त्यांना काय येतं हे लिहून घेतलेलं नाही. वस्तू कपाटात ठेवता येते, हातातली कला नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात असे काका असतील तर जा, एक चहा घ्या आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. माल कुठून आणायचे, काय जास्त बिघडायचं, कापसाच्या चुकाऱ्यात किती टीव्ही जायचे. मला पाठवा, त्यांची परवानगी घेऊन आपण ऐकवू. आणि नळीचा टीव्ही फेकायचाच असेल तर फोडू नका. काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या, किंवा आधी गावात विचारा, कुणाला डक हंट खेळायचा असेल.

ताई, डबा उघडून आतला फोटो पाठवा. चिपा आहेत की ठिपका, ते बघून सांगतो. तोवर भंगारवाल्याला म्हणा, पुढच्या आठवड्यात ये.

भेटू पुढच्या भागात. राम राम.