जपानी तलवारीची पारख

१९४५ साली जपानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा हजारो तलवारी विजेत्यांच्या हाती आल्या. कोणी त्या शरणागतीची खूण म्हणून नेल्या, कोणी युद्धाची आठवण म्हणून. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाच्या रणभूमीवर जपानी अधिकाऱ्यांच्या कमरेला असलेली तलवार याच जातीची. अशी एखादी तलवार आज बाजारात येते आणि नवखा संग्राहक तिच्या मोहात पडतो. विक्रेता तिच्याबरोबर एक शौर्यकथाही देतो. परंतु पारख कथेची करावयाची नसते, पोलादाची करावयाची असते.

प्रथम मूठ व म्यान पाहावे. १८७६ साली जपानमध्ये सर्वसामान्यांस तलवार बाळगून हिंडण्याची बंदी झाली आणि नव्या लष्कराने पाश्चात्त्य धाटणीची मूठ स्वीकारली. १९३४ साली मात्र जुन्या वळणाचा साज परत आला. अधिकारी आपली तलवार स्वतः मिळवीत असे. त्यामुळे सरकारी नमुन्याच्या या साजात कारखान्यातले पाते असू शकते, तसेच पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेले पातेही असू शकते. १९३५ साली हाताखालच्या नायकांसाठी निघालेल्या तलवारीची गोष्ट निराळी. तिची मूठ धातूची ओतीव; तिच्यावरील दोरीची वीणही ओतीवच. पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. ती यंत्रावर घडलेली असते. इतिहासाची साक्ष म्हणून तिला मोल आहे, कलाकृती म्हणून नव्हे.

दुसरी परीक्षा पाण्याची. आपल्याकडेही तलवारीला पाणी देतात. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड व धारेकडे पातळ. मग तापवून ते पाण्यात बुडवितो. त्यामुळे धार कठीण होते, पाठ चिवट राहते, आणि दोहोंच्या सीमेवर ढगासारखी एक रेषा उमटते. तिला हामोन म्हणतात. एका दिव्याच्या उजेडात पाते तिरपे धरले, की खऱ्या हामोनमध्ये बारीक कण चमकतात. आम्लाने काढलेली रेषा मात्र पांढरी, सपाट आणि निर्जीव दिसते. युद्धकाळातील कारखान्यांत पुष्कळ पाती पाण्याऐवजी तेलात थंड केली गेली. त्यांत हे कण सहसा आढळत नाहीत.

तिसरी आणि निर्णायक साक्ष मुठीच्या आत दडलेली असते. बांबूची छोटी खुंटी काढली, की मूठ सुटते आणि पात्याचा झाकलेला भाग दिसतो. लोहाराचे नाव, असल्यास, तेथेच कोरलेले असते. नाव आहे म्हणून हुरळून जाऊ नये. थोरांची नावे खोटी कोरण्याची चाल फार जुनी आहे. नाव नाही म्हणून निराशही होऊ नये; कित्येक जुनी पाती पुढे आखूड केली गेली आणि त्यांत नाव गेले. तेथला गंज काळसर, एकजीव व खोल असेल, तर वयाचा अंदाज येतो. लहानसा ठसा दिसला, तर युद्धकाळातील कारखानदारीचा संशय घ्यावा.

नवख्याचा हात नेमका येथेच चुकतो. हा गंज त्याला घाण वाटते आणि तो कानस किंवा पॉलिश कागद घेऊन बसतो. शतकांचा पुरावा तासाभरात पुसला जातो, आणि तो पुन्हा कोणालाही निर्माण करता येत नाही. पात्याला उघड्या बोटांनी स्पर्शही करू नये, कारण घामाने पोलाद गंजते. तेलाचा पातळ हात पुरे. बाकीचे काम जाणत्या पारख्याचे आणि शिक्षित पॉलिशकाराचे.

ही दक्षता व्यर्थ नाही. बिझेन प्रांतातील कुनिमुने या लोहाराची तेराव्या शतकातील एक तलवार कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची. राष्ट्रीय ठेवा म्हणून गणली गेलेली ही तलवार युद्धानंतर नाहीशी झाली. पुढे ती अमेरिकेतील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात डॉ. वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकास आढळली. पाते सामान्य नाही, एवढे त्यांच्या डोळ्यांनी ओळखले. तज्ज्ञांकडून खात्री होताच १९६३ साली त्यांनी मोबदला न घेता ते जपानला परत केले. दुकानातल्या एखाद्या घाईच्या हाताने ते पाते घासून काढले असते, तर ओळखण्याजोगे काय उरले असते? पहिली तलवार घेणाऱ्याने किंमत विचारण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःस विचारावा. ती वस्तू त्याच्या आधी अनेकांची होती आणि त्याच्यानंतरही कोणाची तरी असणार आहे.